मॅडमची सफरचंदाची बिअर

रविवारी सकाळी अकराच्या सुमाराला आम्ही दोघी स्वयंपाकघरात एकमेकींना पाठ लावून बसायचो. मॅडमचं तोंड भिंतीकडे, माझं ओट्याकडे. दोघींच्या हातात स्टीलची एकेक वाटी आणि वाटीत दोन घोट बिअर. सफरचंदाची, घरी केलेली. कुणी बाहेरून बघितलं असतं तर त्याला वाटलं असतं, या दोघींचं भांडण झालंय आणि रुसून बसून वरण पितायत.

"चेहरा दिसला की चव गेली," मॅडम म्हणायच्या. "तू नाक मुरडलंस की माझी जीभ पण मुरडणार. फॅक्टरीत हेच व्हायचं. मॅनेजरने मान डोलवली की सगळ्यांना ब्रेड एकदम बढिया लागायचा."

ब्रेडच्या फॅक्टरीतल्या लॅबमध्ये त्यांची सगळी नोकरी झाली होती. खमीर हा त्यांचा जन्माचा सोबती. लग्न केलं नव्हतं. कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "खमीर रोज सांभाळावं लागतं. दोन दोन कुठे सांभाळू?"

वाटी स्टीलची, कारण काचेत रंग दिसतो आणि रंग बघून माणूस आधीच ठरवून मोकळा होतो. चाखायच्या आधी तोंडात काही नाही. इंदूरमध्ये रविवारी सकाळी पोहे न खाणं म्हणजे जवळजवळ उपासच. समोर पोह्याचा ठेला होता. तो चालवणारे भिया, म्हणजे इंदुरी बोलीतले भैया, दर रविवारी तिथून ओरडायचे, "मॅडमजी, दो प्लेट भेजूं? गरमागरम!"

"बारा के बाद!"

"बारा के बाद तो ठंडे मिलेंगे!"

"तो ठंडे खाएंगे!" असं म्हणून मॅडम खिडकी लावून घ्यायच्या, कारण पोह्यांवरच्या जीरावन मसाल्याचा वास आत आला तर बिअरची चव खराब होते. भिया बिचारे दर आठवड्याला विचारायचे. त्यांना वाटायचं, आत पूजा चाललीय.

चाखून झालं की बोलायचं. त्यात एक शब्द बंद होता: 'चांगली'. "चांगली ही चव नाही," मॅडम म्हणायच्या. "पाहुण्यांना सांगायची गोष्ट आहे ती. कशासारखी लागते ते बोल."

आणि हे लिहून ठेवायचं नाही. एकदा मी विचारलं, लिहून ठेवू का, पुढच्या वेळी कळेल. त्या म्हणाल्या, "लिहिलं की जीभ आळशी होते. म्हणते, कागद सांगेल. नको."

मी कोकणातली, देवगडच्या बाजूची. आठवीनंतर शाळा सुटली. हायस्कूल खाडीपलीकडे होतं आणि त्याच वर्षी बाबा अंथरुणाला खिळले. मग शिवणाचा क्लास, मग गावातल्या एकीच्या ओळखीने इंदूरला रेडीमेड कपड्यांच्या कारखान्यात. तिथे मी शाळेचे शर्ट शिवायचे. हे ऐकून मॅडम पहिल्याच भेटीत खो खो हसल्या होत्या. मग माझा चेहरा बघून त्यांनी हसू आवरलं. "सॉरी. पण है तो मजेदार. हात दाखव."

मला वाटलं भविष्य बघतात. त्यांनी माझा तळहात सरळ नाकाशी नेला आणि डोळे मिटले. "मशीनचं तेल. नवा कपडा. खोबरेल, बाजारचं नाही, घाण्याचं. आणि दोन दिवस झोप नाही तुला." मी खरंच दोन दिवस झोपले नव्हते. आधीच्या खोलीवाल्याने अचानक निघ म्हणून सांगितलं होतं.

"वरची खोली तुझी," त्या म्हणाल्या. ना कागद मागितला, ना कुणाची ओळख. मी मावशी म्हणायला गेले तर थांबवलं. "मावशी नको. मावशीला भाडं मागता येत नाही. मॅडम म्हण." मला मात्र त्या 'कोकण' म्हणायच्या. "ए कोकण, खाली ये, बरणी बोलायला लागलीय!"

बरणी म्हणजे पाण्याचा मोठा कॅन. त्याच्या तोंडाला एक वाकडी नळी आणि नळीत पाणी. आत खमीर कामाला लागलं की त्या पाण्यातून बुडबुडे यायचे, बुड्‌क, बुड्‌क. मॅडम रात्री अंथरुणात पडल्या पडल्या ते ऐकायच्या म्हणे, दमेकऱ्याच्या घरात श्वास ऐकतात तसं.

पावसाळा सरता सरता मंडीत सफरचंदं उतरायला लागली की त्या दागी माल घेऊन यायच्या. फळवाला चांगली पुढे करायचा, त्या बाजूला सारायच्या. "ठोकर लागलेली द्या भैया. गोडी त्यांच्यातच उतरते." जव भिजवून, मोड आणून, गच्चीवर वाळवायच्या. गच्चीवर लोक पापड घालतात, आमच्याकडे मोडाचे जव. मग ते जरा भाजून चक्कीवर भरड काढायची. चक्कीवाला दर वर्षी विचारायचा, "दलिया बनेगा, मॅडमजी?" आणि त्या दर वर्षी तितक्याच गंभीरपणे सांगायच्या, "दलियाच समझो." त्या भरडीचा गरम पाण्यात घट्ट काढा करून गाळायचा, पार्सलने मागवलेली हॉप्सची कडू फुलं घालून उकळायचा, निवल्यावर सफरचंदाचा रस घालायचा आणि खमीर सोडायचं. पुढचं खमीर आणि वेळ.

वेळ बाटल्यांत जायचा. घरातली सगळ्यात गार जागा म्हणजे खालचं न्हाणीघर, म्हणून ते बाटल्यांना दिलेलं. वर ओली पोती. मॅडम स्वतः मागच्या अंगणातल्या नळावर आडोसा करून आंघोळ करायच्या, डिसेंबरात सुद्धा. "मला थंडी वाजली तर मी स्वेटर घालेन. बाटलीला उकडलं तर ती काय काढेल?"

पहिल्या पहिल्या रविवारी माझ्या तोंडून शब्द फुटायचा नाही. कुणी काही विचारलं की मी खाली बघायचे, अजूनही बघते. उत्तर चुकेल ही भीती. आणि त्यात ही बिअर! आईचा फोन आला की ती विचारायची, "रविवारी काय करतंस गो?" मी सांगायचे, सफरचंदाचं सरबत शिकतेय. खोटं थोडंच होतं, पण झोप लागायची नाही.

मॅडम पाठीमागून म्हणायच्या, "मला बरोबर उत्तर नकोय. तुझं उत्तर पाहिजे. घरचं काही आठवतं का, ते सांग."

घरचं आठवायची मला कुणी सक्ती केली नव्हती. उलट ते विसरायचा प्रयत्न करून करून तर मी तिथे टिकले होते. पण वाटी नाकाशी नेली की एकेक यायला लागलं. पहिल्या महिन्याची बिअर भाकरीच्या कच्च्या पिठासारखी, आणि जिभेच्या कडेला कैरीच्या चिकासारखी चुरचुरणारी. नंतरची पावसात भिजलेल्या गवताच्या गंजीसारखी. एकदा सफरचंद अजिबातच नाही लागलं. मी घाबरून म्हणाले, "मॅडम, सफरचंद गेलं!"

"जाऊ दे. परत येईल."

"आणि नाही आलं तर?"

"येतं ग. पण जरा मोठं होऊन येतं. वाट बघायची तर घाबरून कशाला बघायची?"

त्यांचा धाकटा भाऊ इंदूरजवळ महूला राहायचा. फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेला, सगळे त्याला सुभेदारच म्हणायचे. दोघं महूच्या छावणीत वाढलेली, वडीलही फौजेतच. वडिलांनी एकदा मेसमधली रिकामी बाटली घरी आणली होती. दोघांनी ती हुंगली. भाऊ म्हणाला, साबण. बहीण म्हणाली, पाव. "तो फौजेत गेला, मी ब्रेडमध्ये," मॅडम सांगायच्या, जणू त्या बाटलीनेच दोघांची नोकरी ठरवली.

सुभेदार महिन्या-दोन महिन्यांनी यायचा आणि प्रत्येक वेळी एकच सांगायचा, "जिजी, बस झालं. गुडघे गेले तुझे. महूला चल. खोली रिकामी आहे, सून चांगली आहे."

"सून चांगली आहे म्हणूनच नाही येत. चांगल्या माणसाला त्रास कशाला?"

"इथे काही झालं तर?"

"झालं की कळवते."

घर सुभेदाराच्याही नावावर होतं. त्याने मनावर घेतलं असतं तर ते विकून त्यांना महूला नेता आलं असतं. हे मला माहीत होतं. त्या गेल्या की माझी खोलीही गेली. पण खोली दुसरी मिळाली असती. रविवारी पाठ टेकायला दुसरं कोण होतं?

माझ्या दुसऱ्या पावसाळ्यात मॅडमना ताप आला. आठवडाभर पडून होत्या. उठल्या तेव्हा बारीक झाल्या होत्या, पण बाकी तशाच. त्या वर्षीही सफरचंदं आली, जव गच्चीवर गेले, बाटल्या भरल्या. एकच गोष्ट बदलली. आधी त्या स्वतः चव सांगायच्या आणि मग मला विचारायच्या. आता म्हणायला लागल्या, "आधी तू." मला वाटलं, मी शिकले. मनात खूश झाले होते मी.

थंडीत एका रविवारी बाटली उघडली आणि वाटी नाकाशी नेताच माझे डोळे बारीक झाले. कुजलेलं अंडं! एखादी बाटली तशी निघते, मॅडमनीच सांगितलं होतं. जिभेला मात्र काही विशेष नव्हतं, नेहमीची आंबटगोड. मी शब्द जुळवत होते तेवढ्यात पाठीमागून मॅडम म्हणाल्या, त्या दिवशी नेमक्या आधी, "वा. सफरचंद वर येतंय. पिकली थोडी."

माझ्या पाठीला त्यांची पाठ होती, श्वास नीट लागत होता मला त्यांचा. शेवटी म्हणाले, "मॅडम, अंड्याचा वास आहे. कुजलेल्या."

मागे त्यांची वाटी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग, "हो. तेच. ओतून दे ही."

मी ओतून दिली. वाट्या विसळून पालथ्या घातल्या.

पुढे थोड्याच दिवसांनी संध्याकाळी कामावरून आले तर जिन्यातच गॅसचा वास. धावत आत गेले. शेगडीवर चहाचं पातेलं, खिडकीतल्या वाऱ्याने विझलेली शेगडी, बटण सगळं उघडं. आणि मॅडम कोपऱ्यातल्या बुद्धाच्या फोटोपुढे उभ्या, मेणबत्ती लावायला काडेपेटी हातात घेऊन.

"मॅडम! काडी ओढू नका!"

जन्मात मी एवढ्या जोरात ओरडले नव्हते. त्यांच्या हातून काडेपेटी पडली. मी बटण बंद केलं, सगळ्या खिडक्या उघडल्या, त्यांना हाताला धरून अंगणात आणलं. समोरून भिया ठेला सोडून धावत आले. "क्या हुआ मॅडमजी, क्या हुआ?"

"कुछ नहीं हुआ," मॅडम म्हणाल्या. पण माझा हात त्यांनी सोडला नाही.

अंगणात बसून त्यांनी मला सांगितलं. तापात नाक गेलं होतं. आंबट, गोड, कडू जिभेला कळायचं, वास मात्र कशाचाच नाही. डॉक्टर म्हणाले होते, येईल, किंवा नाही येणार. "एवढं तर भिया पण सांगेल मला," मॅडम म्हणाल्या.

"मला का नाही सांगितलं?"

"तू मी पकडेन म्हणून खरं बोलायचीस. पकडणारं कुणी नाही हे कळलं असतं तर 'चांगली, चांगली' सुरू केलं असतंस. मग माझ्याकडे काय उरलं असतं?"

मला रडू यायला लागलं. त्या म्हणाल्या, "रडू नको. सुभेदाराला कळायला नको, एवढंच बघ. कळलं तर तो मला उचलून नेईल. आणि तो चुकीचा पण नसेल, हीच तर मुसीबत आहे."

पण भियांकडे सुभेदाराचा फोन नंबर होता. भला माणूस, त्यांनी काळजीपोटीच फोन केला.

रविवारी अकराला सुभेदार दारात. हातात पिशवी, पिशवीत फौजी कॅन्टीनच्या बिअरची बाटली. बसला सुद्धा नाही. "जिजी, सरळ बोलतो. गॅस चालू होता आणि तुला वास नाही आला. बरोबर?"

"वाऱ्याने विझली होती शेगडी."

"वास आला का नाही?"

मॅडमनी पुढ्यातली वाटी पुसायला घेतली.

"ठीक. ही कॅन्टीनची. एक वाटी हिची, एक तुझीवाली. ओळख. ओळखलीस तर मी तोंड बंद करून परत जातो. नाही ओळखलीस तर सामान बांध. आजच."

मला वाटलं मॅडम चिडतील. त्या पदर खोचून उठल्या. "मग रीतसर होऊ दे. कोकण, बस. आपल्याकडे एकटीने चाखत नाहीत."

आम्ही पाठीला पाठ लावून बसलो. सुभेदाराने न्हाणीघरातून एक बाटली आणली, आमच्याकडे पाठ करून चार वाट्या भरल्या. दोघींच्या डाव्या हाताला एक, उजव्या हाताला एक. "दोघींना सारखंच दिलंय," तो म्हणाला.

मी डावी वाटी उचलली. नाकाशी नेण्याआधीच कळलं. सफरचंद परत आलं होतं! मोठं होऊन आलं होतं. उजवीकडची कॅन्टीनची, गार, स्वच्छ, आमच्या घराशी काही संबंध नसलेली.

मनात आलं, फक्त मॅडमच्या डाव्या बाजूचा खांदा जरा हलवायचा, त्यांना कळेल. सुभेदार पलीकडे भिंतीशी मॅडमच्या तोंडाकडे बघत उभा होता, माझ्या पाठीकडे नाही. माझा खांदा हलायला लागला असेल नसेल, मॅडम बसल्या जागी पुढे सरकल्या. थोड्याच, एक बोटभर. पण माझी पाठ उघडी पडली आणि गार वारा लागला. त्यांना कळलं होतं, आणि त्यांना ते नको होतं.

मी वाटी मांडीवर धरून बसले. पाठीमागे एक घोट. मग पाणी. मग दुसरा घोट. मग पहिल्या वाटीचा पुन्हा.

"डावीकडची माझी," मॅडम म्हणाल्या.

सुभेदाराने श्वास सोडला. इतक्या जोरात की मला ऐकू आला. खरं म्हणजे त्यालाही ते हवं होतं. "बरोबर," तो म्हणाला. "हद्द झाली. बरोबर आहे जिजी. तो भिया पण ना, उगाच..."

"थांब," मॅडम म्हणाल्या. "भियाला नाव ठेवू नको. जिभेने ओळखली मी. माझी जास्त आंबट आहे, फेस कमी आहे. वास मला दोन्हीचा नाही आला. पावसाळ्यापासून कशाचाच येत नाही."

मी वळले. नियम मोडून वळले. मॅडम भिंतीकडे तोंड करून ताठ बसल्या होत्या.

सुभेदार खाली बसला, फरशीवरच. "जिंकली होतीस ना? मग बोललीस कशाला?"

"तू गॅसचं विचारलं होतंस. मी बिअरचं उत्तर देऊन तुला घरी पाठवू? लहानपणी तुला फसवायची, आता बास."

"मग चल आता."

"नाही येणार."

"जिजी!"

"ऐक. नाक गेलंय. घर नाही गेलं. गॅस घेऊन जा तू. दोन्ही सिलिंडर. आज, आत्ता. विजेच्या इंडक्शन शेगडीवर करेन सगळं."

"आणि भाकरी?"

मॅडमनी वळून ओट्यावरच्या तव्याकडे बघितलं. ज्वारीची भाकरी आचेवर फुगताना बघणं ही त्यांची रोजची चैन होती. तव्यावरच शेकलेल्या भाकरीला त्या नाराज पोळी म्हणायच्या.

"भाकरी सोडली," त्या म्हणाल्या.

सुभेदार माझ्याकडे वळला. मला वाटलं, आता मी सापडले. "तुला माहीत होतं?"

"हो."

"मला फोन का नाही केलास?"

"मॅडमनी नको म्हटलं होतं. आणि मला भीती वाटत होती. पण वास मला येतो, सुभेदारसाहेब. मी कामावर जाताना आणि आल्यावर सगळं बघून घेईन."

त्याने डावी वाटी माझ्या हातातून घेतली, हुंगली, एक घोट घेतला. "मला तर अजून साबणच लागतो. तुला काय लागतं यात?"

असा प्रश्न परक्या पुरुषाने विचारला की एरवी मी खाली बघते. त्या दिवशी नाही बघितलं. म्हणाले, "आमच्याकडे काजूची बोंडं टोपलीत रात्रभर राहिली की सकाळी पडवीत जो वास येतो, तो आहे आधी. मग सफरचंद. ताजं नाही, आईने फडक्यात गुंडाळून बाबांसाठी ठेवलेलं असायचं, तसं. शेवटी जरा कडू, पण ते कडूपण थांबत नाही, निघून जातं."

सुभेदाराने वाटी जपून खाली ठेवली. मग उठला, शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि पहिला सिलिंडर खांद्यावर घेतला. त्या वयात! मी पुढे झाले तर म्हणाला, "हट पोरी. माझी जिजी आहे." दोन्ही सिलिंडर त्याने एकट्याने रिक्षात चढवले. समोरून भिया ओरडले, "सुभेदारजी, हाथ लगाऊं?" त्यांनाही त्याने हातानेच नाही म्हटलं.

त्यानंतर मॅडम त्या घरात आणखी तीन वर्षं राहिल्या, शेवटच्या दिवसापर्यंत. नाक परत आलं नाही. भाकरी पुन्हा केली नाही. सुभेदाराच्या सुनेने महूहून पाठवली तरी खाल्ली नाही. सोडली म्हणजे सोडली.

गॅस गेल्यानंतर पहिल्यांदा सफरचंदं आली तेव्हाची दुपार मला नेहमी आठवते. जुनं ॲल्युमिनियमचं पातेलं विजेच्या शेगडीला चालेना, म्हणून सपाट बुडाचं नवं स्टीलचं आणलं होतं. काढा त्यात ओतला आणि उकळीची वाट बघत बसलो. शेगडी बिचारी छोटी, पातेलं एवढं थोरलं. चहाची वेळ झाली, गेली. मी म्हटलं, मॅडम, जरा पडा, उकळी आली की हाक मारते. त्या स्टूल ओढून पातेल्यासमोर बसल्या होत्या, गुडघ्यांवर हात ठेवून. "गॅस मी सोडलाय," त्या म्हणाल्या. "वाट पण मीच बघणार."

ऊन भिंतीवरून उतरून फरशीवर आलं तेव्हा कडेला पहिला बुडबुडा फुटला. मग सगळं पातेलं हललं. मॅडम उठल्या, फुलं टाकली, वाफेत तोंड घातलं. चष्मा पांढरा झाला. तशाच उभ्या राहिल्या.

"बोल," त्या म्हणाल्या.

मी वाकले. भाजलेल्या जवाचा, गुळाच्या काहिलीचा, ओल्या लाकडाचा, आणि त्यात ती फुलं, लिंबाच्या पानासारखी पण रागावलेली. मी भराभर सांगायला लागले, कारण वाफ निघून चालली होती.

त्यांनी माझ्या दंडावर हात ठेवला.

"हळू," त्या म्हणाल्या. "एकेक दे."